चाबी वरच्या मजल्यावर

"देखिए, ये हैं हमारी ताईजी. दोनों पैर नहीं चलते, फिर भी सुबह से शाम तक काम. दिन भर पानी तक नहीं माँगतीं. इसे कहते हैं तपस्या!"

साहेब माइकवर हे बोलले आणि हॉलभर टाळ्या पडल्या. डिसेंबरातला दिव्यांग दिवस. उज्जैनच्या फ्रीगंजमधलं आमचं सरकारी ऑफिस. मी स्टेजवर. दोन चपराशांनी खुर्चीसकट उचलून गणपतीसारखी मांडलेली. मांडीवर शाल, नारळ.

दर वर्षी या जागी मी हसायचे. हात जोडायचे. वर आभारप्रदर्शनही मीच करायचे, शुद्ध हिंदीत. "आप सबके सहयोग से..." सहयोग म्हणे! काय बावळट बाई होती ती. आता भेटली तर कान पिळीन तिचा.

पाण्याचं खरं ऐका. लहानपणी पोलिओ झाला. दोन्ही पायांना कॅलिपर, काखेत कुबड्या. सव्विसाव्या वर्षी अपंगांच्या कोट्यातून नोकरी लागली. ऑफिसचं शौचालय मागच्या अंगणात, चार पायऱ्या चढून. कठडा नाही. आत उकिडवं बसायचं. मी कशी बसणार?

मग मी पाणीच सोडलं. साडेदहा ते साडेपाच. उज्जैनचा मे महिना, माठ हातभर अंतरावर, आणि मी नुसते ओठ ओले करतेय. वर मिरवायचे किती! नव्या मुलींना सांगायचे, "मला बाई सवय आहे." संध्याकाळी नानाखेड्याला घरी पोचेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे. याला मी स्वाभिमान म्हणत होते. नात विचारते, "आजी, तू इतकी वेडी होतीस?" होते बाई. पदवीधर वेडी.

पुढे अपंगांसाठी कायदा आला. माझ्या टेबलापासून वीस पावलांवर नवं शौचालय बांधलं. रॅम्प, धरायला दांडा, कमोड, दारावर चाकाच्या खुर्चीचं चित्र. फीत मीच कापली. फोटोत माझे बत्तीसच्या बत्तीस दात दिसतात.

दुसऱ्या दिवशी गेले, तर कुलूप.

चपराशी म्हणाला, "चाबी ऊपर है मैडम. बड़े बाबू के पास. खुला रखेंगे तो सब गंदा कर देंगे."

वर. एकवीस पायऱ्या. ज्यांना जिना चढता येत नाही त्यांच्या शौचालयाची चाबी जिन्याच्या वर. हे कुणीतरी विचार करून ठरवलं होतं.

चपराशाला पाठवलं. बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, वरच्या कठड्यावरून वाकून ओरडले, "क्या, मैडम को फिर जाना है?"

सगळं ऑफिस हसलं. फिर? मी पहिल्यांदाच मागत होते! पण मान खाली घातली ती मी. म्हणाले, "रहने दीजिए." आणि पुन्हा पाणी सोडलं.

दोन वर्षांनी लघवीतून रक्त गेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी का पीत नाही?"

"ऑफिसात अडचण होते."

"कुणाची?"

एवढंच विचारलं त्यांनी. आठवडाभर झोप आली नाही.

मग तो डिसेंबर. सकाळी टेबलावरून पाहिलं, ते दार उघडलं. आतून सतरंज्या निघाल्या. माइकचा स्टँड निघाला. शेवटी कमोडवर गुंडाळून ठेवलेला बॅनर: 'दिव्यांगजन सम्मान समारोह'. माझा सम्मान कमोडवर बसला होता. मला तिथं बसायची बंदी.

तासाभरात स्टेज. तपस्या. टाळ्या. माइक माझ्या हातात.

"पहले पानी दीजिए."

ग्लास आला. प्यायले. "और." साहेब हसले. तिसरा मागितला तेव्हा हसायचं थांबले.

"साहब, तपस्या नहीं थी. ताला था. चाबी बड़े बाबू की दराज़ में है. मँगवाइए, मुझे जाना है."

बडे बाबू पहिल्या रांगेतून उठले. "मैडम, ये कोई बोलने की बात है? महिलाएँ बैठी हैं!"

"मैं क्या खंभा हूँ? चाबी."

साहेब दात आवळून म्हणाले, "कार्यक्रम के बाद देखते हैं."

"तो कार्यक्रम रुका रहेगा." माइक मी सोडला नाही.

चाबी आली. वीस पावलं मी माझ्या कुबड्यांवर गेले, सगळ्यांच्या देखत. कुलूप उघडलं आणि कुलूप-चाबी दोन्ही पर्समध्ये टाकली. परत दिली नाही. शिस्तभंगाची नोटीस आली. उत्तरात एकच ओळ लिहिली: मी पाणी प्यायले.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली. एकच मूत्रपिंड नीट चालतं. मी कुणालाही माफ केलेलं नाही. त्या फोटोतल्या हसऱ्या बाईला तर मुळीच नाही.

मागच्या महिन्यात एका दाखल्यासाठी दुसऱ्याच ऑफिसात गेले. तिथंही तसलंच दार, तसलंच कुलूप. कायद्याचं नाव लिहून तक्रार दिली. सुनावणीचं पत्र आलं. खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. फोन केला तर तिथला बाबू म्हणाला, "माँजी, आप क्यों तकलीफ करती हैं? घर से किसी और को भेज दीजिए."

दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही. स्वतःला उचलू देणार नाही. तारीख वाढवून घेणार नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीशी खुर्ची टाकून बसेन. फाईल खाली येईल, बाबू खाली येईल, साहेबही खाली येतील.

सोमवारी अकराला सुनावणी आहे. ती जिन्याखाली होईल.