सासऱ्यांसह सात वळणे

वळणावर ब्रेक लावायचा नसतो, हे मला एका मासिकाने शिकवले आणि त्यापायी माझी बायको तीन महिने माहेरी राहिली. तेव्हापासून मला छापील मजकूर दिसला तरी थकवा येतो.

साठ सालच्या सुमाराची गोष्ट. मी दिग्रसला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होतो. वाचनालयातल्या त्या मासिकात विलायती सायकलशर्यतींवर एक लेख आला होता. तिकडचे धंदेवाईक सायकलस्वार डोंगरातली अरुंद वळणे इतक्या वेगाने उतरतात, की आपली एस.टी. त्यांच्यापुढे उभी वाटावी. त्यांचे नियमही दिले होते. ब्रेक लावायचा तो वळणाच्या आधी. वळणात बाहेरचा पाय खाली दाबून आतल्या बाजूला झुकायचे. आणि नजर चाकावर ठेवायची नाही, जायचे तिथे ठेवायची. कारण डोळे जिथे, सायकल तिथे.

हे नियम मी पहिल्यांदा बाजाराच्या उतारावर पाळले, कॅरिअरवर बायकोला बसवून. मी आत झुकलो, शांता झुकली नाही. (तिने लेख वाचला नव्हता.) ती मिरच्यांच्या ढिगात पडली. दुसऱ्या दिवशी तिने ट्रंक भरली आणि घाटावरचे माहेर गाठले.

तीन महिने स्वतःच्या हातची करपलेली भाकर खाऊन मी इतका दमलो, की एका रविवारी सायकल ढकलत घाट चढलो. सासरे ओसरीवरच बसले होते.

"मामाजी, शांताले न्याले आलो."

"काहून? मिरच्या उरल्या काय बजारात?"

आतून शांता हसली. ते काही आशादायक हसू नव्हते.

मामाजींनी सुपारी गालात सारली. "असं करा जावईबापू. मी बसतो तुमच्या सायकलीवर. मले धड दिग्रसले पोचवा. पोचलो, तर उद्याच्या एस.टी.नं पोरगी धाडतो. नाही पोचलो, तर विषयच मिटला."

आमच्या घाटाच्या माथ्यावर फांद्यांचा ढीग असे. उतरणारी प्रत्येक सायकल त्यातली एक जाड फांदी दोराने मागे बांधून घेई. फांदी घासत येते आणि वेग आवरतो. बैलगाड्यांना तर ओंडकाच लागे. खाली पोचल्यावर सोडून द्यायचे; चढणाऱ्या गाड्या ते सगळे पुन्हा वर आणून टाकत.

"बांधा," मामाजी म्हणाले.

"मामाजी, विलायतेत कोनी फांदी बांधत नाही."

"त्यायचे सासरे मागं बसत नसतीन."

मी ऐकले नाही. बायको परत आणायची ती जरा रुबाबात, असे मनात होते. "फक्त वळणावर माह्यासंगं झुका," एवढे सांगून मी पेडल मारले.

पहिल्या वळणावर मामाजी झुकले. दुसऱ्यावरही झुकले. मला गहिवरून आले. मुलीपेक्षा बापाला शर्यतीची समज जास्त होती. तिसऱ्या वळणावर वारा आला आणि मामाजींचा पटका माझ्या कानाजवळून उडत पुढे गेला.

"पटका पाहा, पटका!"

मी पाहिला. पुढे कापसाने शिगोशीग भरलेली एक बैलगाडी चालली होती, पटका त्या कापसावर जाऊन बसला. डोळे तिथे, सायकल तिथे. गाडीमागच्या ओंडक्यावर चाक आदळले आणि आम्ही दोघे सायकल सोडून थेट कापसात. लेखातला नियम इतका तंतोतंत विलायतेतही कोणी पाळला नसेल.

"कोन हाय बे वर?" गाडीवानाने मागे न पाहताच विचारले.

"दिग्रसचे जावई," मामाजी कापसातून बोलले. "संगं मीबी हावो."

"अन् माहा ओंडका?"

ओंडका दोर तोडून दरीत गेला होता. बैल पळू लागले. गाडीवानाने कासरा ओढत चाक दरडीला घासवले, तेव्हा कुठे गाडी थांबली. अजून चार वळणे बाकी होती, आणि आसपास झाड म्हणावे असे एकही नव्हते. तिघांनी इकडेतिकडे पाहिले. मग त्या दोघांनी मागे रस्त्यात पडलेल्या माझ्या सायकलीकडे पाहिले.

"नवी हाय," मी म्हणालो.

"होती," मामाजी म्हणाले आणि स्वतःच्या हाताने ती गाडीमागे आडवी बांधली.

उरलेली चार वळणे माझी सायकल कुशीवर पडून उतरली. पाचव्यावर मडगार्ड गेले, सहाव्यावर घंटी. (वाजत गेली, एवढेच समाधान.) गाडी निघाली होती ती नेमकी आमच्याच जिनिंगला. फाटकाजवळच्या वजनकाट्यावरच्या हमालाने माझ्या डोक्यावरचा कापूस उचलून पाहिला. "बाबू, तुमालेबी काट्यावर घेऊ काय?"

मामाजी खाली उतरले. हातपाय चाचपले, पटका बांधला. मी मान खाली घालून उभा होतो.

"पोचलो धड," ते म्हणाले. "उद्या धाडतो शांताले."

"खरंच, मामाजी?"

"मागं काही बांधल्याबिगर तुमी धड उतरत नाही, हे पाह्यलं मी. माह्याजवळ तेवढीच एक हाय."

शांता आली. तेव्हापासून मी चारचौघांत सांगत आलो, की सासऱ्यांनी मला आवरायला मागे फांदी बांधून दिली. परवा शांताबरोबर बाजारातून परत येताना भेटलेल्या एका मित्राला तेच सांगितले. तो हसून गेल्यावर शांता चालता चालताच म्हणाली, "इतके वर्स झाले, ओढून कोन राह्यलं अन् मागं घासत कोन येऊन राह्यलं? जरासं समोर पाहा."

मी समोर पाहिले. समोर तिची पाठ होती. मिरच्यांची पिशवी माझ्या हातात होती.