ताईच्या अबायात

सौदीला जाताना बाईने काय घालावं, यावर मला सगळ्यात जास्त सल्ले दिले ते आमच्या कामण गावच्या बायकांनी. त्यातल्या बहुतेकींनी मुंबईसुद्धा धड पाहिलेली नव्हती. टिकली लावू नको, हातभर बांगड्या नको, केस दिसले तर पोलीस धरतात. एकीने तर पायात मोजे घालायला सांगितले, नखं दिसू नयेत म्हणून. मी सगळ्यांना हो म्हणत होते. त्यांना खरं विचारायचं होतं ते वेगळंच होतं आणि ते मला ठाऊक होतं. लग्न न झालेली मेहुणी, बायको गेलेल्या भावोजींकडे एकटी चालली आहे. म्हणजे हिचं आता तिकडेच ठरणार का?

ठरवलं तसं कोणीच नव्हतं. पण आमच्याकडे अशा गोष्टी बोलून ठरत नाहीत, त्या नुसत्या होऊ दिल्या जातात. आईने मे महिन्यात एकदा म्हटलं, ताईच्या पोरीला आता सुट्टी लागंल, तू जाऊन ये. नंतर चुलत्यांनी तेच म्हटलं. भावोजींनी तिकडून व्हिसाचं जमवलं आणि मी सातिवलीच्या कारखान्यातून रजा काढली. मला जायचं होतं ते भाचीसाठी. तिथे राहायला मात्र मी तयार नव्हते, आणि तसं सांगायची वेळ आली तर तोंडातून शब्द फुटेल की नाही, याची मला धास्ती होती.

ताई लग्न झाल्यापासून तिकडेच होती. भावोजी एका गोदामात सुपरवायझर, मुलगी तिथल्या भारतीय शाळेत. आजार निघाला तेव्हा ताई उपचारांसाठी एकटीच इकडे आली, बरी होऊन लगेच परतायचं म्हणून, आणि आमच्या पुढच्या खोलीतच वारली. भावोजी लेकीला घेऊन दिवसकार्याला आले आणि शाळा बुडते म्हणून परत गेले. त्याला दोनेक वर्षं झाली.

गेलेल्या माणसाचे कपडे आमच्यात घरात ठेवत नाहीत. ताईच्या साड्या चुलत्यांच्या सुनांनी नेल्या, ड्रेस मावसबहिणींनी. तिकडे बाहेर जाताना घालायचा काळा, पायघोळ अबाया तेवढा तिच्या बॅगेच्या तळाशी राहिला. त्याला कोण हात लावणार? तो घालून कामणला जायचं तरी कुठे, भात लावायला? तो कोणी ताईच्या कपड्यांत धरलाच नाही.

मी निघायच्या आदल्या आठवड्यात आईने तो बाहेर काढला आणि माझ्यासमोर पसरला.

"हा घालून जा."

मी तिला सांगितलं की भावोजी म्हणालेत, बाहेरून येणाऱ्या बायकांवर आता तिकडे सक्ती नाही. सैल कुडता, सलवार, वर ओढणी, बस्स.

"बाप्या मानसाला काय कळतं? ताईचा हाय, चांगला हाय. नवा कनाला?"

"अगं पण नवा तरी कुठे लागतोय?"

आई त्याच्या बाहीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "पोरीला बरा वाटंल. आये आल्यासारखा वाटंल."

मी तो घेतला.

कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण मुसलमान आहे. जेवणाच्या सुट्टीत तिने मला डोक्याचा रुमाल बांधायला शिकवला. पिन इथे नको, खाली लाव, नाहीतर गळ्याला टोचेल, असं सांगत ती माझ्याभोवती फिरत होती. मध्येच तिने विचारलं, "किसका है?"

"बहिणीचा."

ताईचं तिला माहीत होतं. तिचे हात थांबले. "माझ्याकडे एक कोरा पडलाय, तो घेऊन जा," ती म्हणाली. "हा नको घालू." मी हसून विषय बदलला. आज वाटतं, तिचं ऐकायला हवं होतं. आणि वाटतं, बरं झालं नाही ऐकलं.

विमान उतरायच्या आधी तिथल्या एवढ्याशा संडासात मी तो अंगावर चढवला, रुमाल बांधला आणि आरशात पाहिलं. मला भीती वाटली. चेहरा माझाच होता, तरी वाटली. बाहेरून कोणीतरी दार ठोठावलं तेव्हा सुटल्यासारखं झालं.

विमानतळावर पाहते तर काय, एक बाई सैल शर्ट आणि जीन्स घालून ट्रॉली ढकलते आहे. दोघीजणी रंगीत, पुढून उघड्या अबायांत, केस मोकळे. काही अगदी डोळ्यांपर्यंत झाकलेल्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. कामणचं माझं सल्लागार मंडळ इथे आणून उभं करावं असं फार वाटलं.

भावोजी कठड्याशी उभे होते. मला पाहून ते झपकन पुढे आले आणि मध्येच थबकले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो मी पाहिला. मग त्यांनी माझी बॅग घेतली आणि जमिनीकडे बघत विचारलं, "प्रवास बरा झाला ना?" भाची त्यांच्या मागे होती. मी हात पुढे केले, पण ती कुशीत आली नाही. वळसा घालून गेली आणि माझ्या मागे उभी राहिली. लाजली असेल, मी म्हटलं.

माझी राहायची सोय त्यांनी समोरच्या फ्लॅटमधल्या मल्याळी बाईंकडे केली होती. माझ्या जिवात जीव आला. दिवसभर मी भाचीजवळ असायची आणि झोपायला तिकडे जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी भिंतीकडे बघत म्हणाले, "बाहेर जाताना साधा ड्रेस घातलास तरी चालेल. कोणी काही म्हणत नाही."

"नाही," भाची म्हणाली. "मावशीने तोच घालायचा."

मग मी रोज तोच घातला.

इमारतीच्या खाली एका बंगाल्याचं किराणा दुकान होतं. मी फळीवरची डाळ बघत उभी होते. मागून त्याचा आवाज आला, "बहोत दिन बाद आये, बहन? गाव गये थे?" आणि मी न मागताच त्याने गल्ल्यावर ताकाची मोठी बाटली आणि रोट्यांचं पाकीट काढून ठेवल्याचा आवाज आला. मी वळले. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग पिशवी शोधू लागला. त्याला सांगायला हवं होतं, मी ती नव्हे. मी ते ताक आणि त्या रोट्या घेऊन वर आले आणि आम्ही तिघांनी खाल्ल्या.

ताईच्या स्वयंपाकघरात मला काही शोधावं लागलं नाही. मीठ घ्यायला हात गेला की मिठावरच पडायचा, हळदीला गेला की हळदीवर. तिने सगळं आमच्या आईसारखंच मांडलेलं होतं, म्हणून. हे मला समजत होतं. तरी मी मनातल्या मनात म्हणायची, ताई, बाजूला हो, मला काम करू दे. कधीकधी खरंच बाजूला व्हायची जागा ठेवून उभी राहायची.

मी भाकऱ्या केल्या. आईने दिलेलं सुकट परतलं. भाचीने बोटं चाटून खाल्लं आणि भावोजींनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसून आणखी मागितलं. आई रोज फोन करायची आणि रोज एकच विचारायची, "काय बोल्ला तो?" मी म्हणायची, काही नाही. सुरुवातीला ते सांगताना हायसं वाटायचं. पुढेपुढे सांगताना राग यायला लागला, आणि तो राग आईवर नव्हता. खरं सांगायचं तर मला आता वाटायला लागलं होतं की कोणी विचारावं. मी हो म्हणाले असते. कोणासाठी म्हणाले असते ते मला नीट सांगता येणार नाही. त्या मुलीसाठी, त्या घरासाठी, की अबायात शिरल्यापासून मी जी कोणी झाले होते तिच्यासाठी.

एकच गोष्ट मला खटकायची. भाची माझ्याबरोबर चालायची नाही. बाजारात, बागेत, कुठेही गेलो की ती चार पावलं मागे. मी थांबले की ती थांबायची. हात पुढे केला की दोन्ही हात पाठीमागे. घरात मात्र मांडीवर डोकं ठेवून गोष्टी ऐकायची. परत यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी बॅग भरत होते आणि ती पलंगावर बसली होती, तेव्हा मी विचारलंच.

"बाहेर गेलो की तू माझ्या शेजारी का गं चालत नाहीस?"

"मागून तू आई दिसतेस."

घडी घालत होते तो कपडा माझ्या हातात तसाच राहिला.

"आणि पुढून?"

"पुढून मावशी." तिने ते असं सांगितलं की हे काय विचारायचं.

आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "मी इथेच राहू का? कायमची?"

तिने खरोखर विचार केला. लहान मुलं करतात तसा, भुवया आकसून. मग मान हलवली.

"नको. मग तू रोज पुढूनच दिसशील."

ज्याची इतके दिवस धास्ती घेतली होती, त्यातून मी सुटले होते. आनंद व्हायला हवा होता. मला इतकं लागलं की बॅगेची चेन लावायच्या निमित्ताने मी तोंड फिरवलं. तेवढ्यात ती उठून माझ्या पाठीशी आली.

"मावशी, उद्या विमानतळावर तू वळून बघू नको हां."

"का गं?"

"आई इथून गेली तेव्हा मी शाळेत होते. बाबांनी घरी आल्यावर सांगितलं."

दुसऱ्या दिवशी भावोजींनी गाडीतून बॅग उतरवून दिली. "आईंना नमस्कार सांग," म्हणाले, आणि आणखी काहीतरी म्हणणार होते, पण लेकीने त्यांचा हात ओढून त्यांना मागे नेलं. मी तिचा पापा घेतला नाही. घेतला असता तर तिला माझा चेहरा दिसला असता. मी बॅगेचं हँडल धरलं आणि काचेच्या दारांकडे चालायला लागले. ताई कशी चालायची ते आठवायचा प्रयत्न करत होते आणि आठवत नव्हतं, म्हणून नुसती चालत राहिले.

दारं उघडली तेव्हा मागून हाक आली. "आई, टाटा!"

मी हात वर केला, ओ दिली नाही. डोळे वाहत होते, पण ते पुढच्या बाजूने, तिला दिसणार नव्हते. दारं मागे बंद झाली तरी बराच वेळ मी वळले नाही.