सासूबाईंच्या नावाची पाटी

सासूबाईंच्या माहेरचं वांगं मी एका पावसाळ्यात जवळजवळ नामशेष केलं, आणि तेही अतिशय शिस्तीत.

आमच्या करडी गावी घरामागे मी विटांचे, गुडघाभर उंचीचे आठ वाफे बांधले. (तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला सरळ रेषा लागतातच!) मानाच्या वाफ्यात सासूबाईंनी सिहोऱ्याहून फडक्यात बांधून पाठवलेलं वांग्याचं बी पेरलं. सोबत निरोप होता, "दिवाळीले येईन, तवा जवाईबापूच्या हातच्या वांग्याचं भरीत खाईन!"

मला रोपं ओळखता येत नाहीत. म्हणून पळसाच्या ताज्या काड्या तोडल्या, त्यांना नावांचे पुठ्ठे बांधले आणि वाफ्यात रोवले.

चारच दिवसांनी पोळा आला. आमच्याकडे पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे 'जाय गे मारबत!' ओरडत घरातली ईडापीडा त्यांच्यासोबत गावाबाहेर फेकतात. सकाळी पाहतो तर वाफे बोडके!

"अवो, माह्या पाट्या कुठी हायेत?"

"पळस दिसला, त फेकला!" बायको म्हणाली. "मले वाटलं, घरातली पीडा लिवून काढली तुमी."

"पीडा? 'मुळा' लिवलं होतं!"

"त मुळ्यानं तुमचं पोट फुगत नाई का?"

मी गावाबाहेर धावलो. साऱ्या गावाच्या ढिगातून पाच काड्या उपसून परततो, तर शेजारच्या कमलाबाई आडव्या आल्या!

"गुरुजी, फेकलेली पीडा वापस कायले आणून राहिले? तेबी साऱ्या गावाची!"

माणसं जमली. काड्या तिथंच टाकायला लावल्या, वर माझ्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. बायको लाजेनं लाल झाली. "तुमच्या बागेत आता पाय ठेवणार नाई!" असं म्हणाली आणि दुर्दैवानं तिनं ते पाळलं.

मी आठवून नव्या पाट्या लिहिल्या. एका वाफ्यात रुंद पानांचं एक दणकट झाड वर आलं. हेच ते! तिथं 'सासूबाईंचे वांगे' अशी पाटी ठोकली. भोवतीची किरकोळ रोपं तण म्हणून उपटली. झाडाला शेणखत घातलं, रोज कौतुक केलं. पांढरी, भोंग्यासारखी फुलं आली तेव्हा तर मी पेढेच आणणार होतो!

दिवाळीला सासूबाई आल्या. पाटी वाचली, झाड पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"जवाईबापू, माह्या नावानं धोतरा लावला?"

"धोतरा?"

"जहर व्हय ते! याचं भरीत मले चारनार होते?"

"मग मी उपटलं ते?"

"तेच वांगं असन!"

धरणी दुभंगावी असं वाटलं. सासूबाईंनी पदराची गाठ सोडली. आत शेवटचं चिमूटभर बी होतं. मी कृतज्ञतेनं ओंजळ पुढे केली. त्यांनी ओंजळीवरून हात नेला आणि बी कुंपणापलीकडच्या कमलाबाईंना दिलं.

आता वांगी शेजारून येतात. त्यांच्या वाफ्यात एकही पाटी नाही. "मग ओळखता कसं?" मी न राहवून विचारलं.

"वांगं वांग्यासारखं दिसते न, गुरुजी!"

विसरू नये म्हणून मी ते लगेच पुठ्ठ्यावर लिहून घेतलं.