आईचा गुडघा

दर मंगळवारी औषध कंपनीचा तो सेल्समन माझ्या रामदासपेठेतल्या औषधाच्या दुकानात ऑर्डर घ्यायला यायचा. बॅग पायाशी, हेल्मेट बॅगेवर, आणि आधी एकच प्रश्न, "भाऊ, आईचा गुडघा काय म्हणते?" औषधांची नावं त्यानंतर.

गेल्या वर्षी तो माझ्याच काउंटरला टेकून मोबाइलमध्ये काहीबाही भरत बसायचा.

"काहून एवढं लिहून राहिला गा?"

"कोणाशी काय बोलतो, ते सारं कंपनीच्या मशीनले शिकवा लागते, भाऊ."

मन लावून शिकवायचा.

दिवाळीनंतर आई गेली. कंपनीच्या शर्टातच येऊन त्यानं घाटापर्यंत खांदा दिला.

मग कंपनीनं त्याला काढलं. आता मंगळवारी मशीनचा फोन येतो. पहिल्याच फोनवर त्याच्याच ढंगात आवाज आला, "भाऊ, आईचा गुडघा काय म्हणते?" सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "बरा आहे." आणि मी ऑर्डरही देऊन टाकली.

संध्याकाळी स्वतःचीच लाज वाटून मी त्याच्यावर फोनवर भडकलो, "आई गेल्याचं काहून नाही लिहिलं गा?"



"ते लिहिलं नाही, भाऊ. गुडघ्याचं धंद्यासाठी विचारत होतो. घाटावर मात्र मी माझा आलो होतो."