‘शिक्षा’चं कव्हर

माझ्या कपाळावर ही खोक आहे ना, ती छपाईच्या ट्रेडल मशीनच्या चाकाची. लोकांना वाटतं, काम करताना लागलं असेल. लागलं नाही, लावलं. एका माणसानं माझी मान धरून डोकं चाकावर आपटलं, तेही एका पुस्तकापायी.

आमची ही गेली त्याला अजून वर्ष नाही झालं. शुद्धलेखन तीच बघायची. मी चौथीतून शाळा सोडलेला. चुका राहतील, राहू द्या.

देवासला आमचा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, मधूनमधून मराठी मंडळींची पुस्तकं. टाइप, म्हणजे शिशाची अक्षरं, ही जुळवायची, मशीन मी मारायचो. कव्हरसाठी लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचो तेही मीच.

सत्तर साल उलटून गेलं होतं. धारहून एक बाई कविता घेऊन आल्या. जुन्या संस्थानी अधिकाऱ्याच्या घरातल्या सूनबाई. ऐन उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या. हिनं पाणी दिलं आणि सरळ त्यांची बाही वर सारली. दंडावर पट्ट्याचे वळ. जुने काळे, नवे लाल.

“वहिनीसाहेब, हे काय?”

“तेच लिहिलंय,” बाई म्हणाल्या. पुस्तकाचं नाव ‘शिक्षा’.

ही कागद वाचत बसली. त्या दिवशी जेवली नाही. मग तिनं विचारलं, “तुमचे साहेब हे छापू देतील?”

“त्यांची शाळा हिंदीत झाली. मराठी बोलतात तेवढीच, वाचायचा कंटाळा. शिक्षेला ते सजा म्हणतात. ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, असं समजून बसलेत. चारचौघांत सांगतात, आमच्या बायकोनं शाळेवर कविता केल्या.” बाई हसल्या, तर ओठाची खपली उकलली. “एकदा लोकांपुढे वाचून होऊ दे. मग मारून टाकलं तरी चालेल.”

मी म्हटलं, कव्हरवर पट्टा कोरतो. हिनं झापलं. “अहो, अक्कल विकून खाल्ली का? चित्र अडाण्यालाही वाचता येतं! छडी काढा. मास्तरची म्हणा, नाहीतर नवऱ्याची म्हणा.”

लाल कागदावर मी आडवी काळी छडी छापली. साहेब बघायला आले. धिप्पाड गडी, अत्तर लावलेला, गालात पान.

“वा भिया! शिक्षा आणि छडी! हमारे जमाने के मास्टर ऐसेच थे. मार खाल्ल्याशिवाय कोणी सुधरतं का?” त्यांनी बाईंच्या पाठीवर थाप मारली. बाई आक्रसल्या. “काय गं, खरं ना?”

“खरंय,” बाई म्हणाल्या.

पुस्तकाचं प्रकाशन धारला झालं, गणपतीत. वीस-पंचवीस प्रतींना कव्हर चिकटवून आम्ही नेल्या. साहेब गळ्यात हार घालून स्टेजवर. बाई उभ्या राहिल्या आणि वाचायला लागल्या. न वाचलेलं साहेबांना ऐकावं लागलं. पट्टा कसा काढतो, बकल कुठे लागतं, लेकरू जागं होऊ नये म्हणून तोंडात पदर कसा कोंबायचा, सगळं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “अगो बाई, हा तर मारतो हिला!”

बाई तिथून घरी गेल्याच नाहीत. लेकराला घेऊन हाटपिपल्याला मावशीकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब दोन माणसं घेऊन जीपनं आमच्याकडे आले. “क्या छापी रे तूने?” म्हणाले आणि माझी मान धरली. पुढचं मी रक्तातून पाहिलं. टाइप ठेवायच्या केसी उलट्या झाल्या. फरशीभर अक्षरं. एकानं हिचा हात खणात धरला, दुसऱ्यानं खण लाथेनं बंद केला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. हिनं दुसऱ्या हातानं टाइप जुळवायची लोखंडी स्टिक उचलली आणि साहेबांच्या तोंडावर हाणली. दात अक्षरांत जाऊन पडला.

“बाकी किताबें कहाँ हैं?” ते रक्त थुंकत ओरडले.

दोरीवर कव्हरं वाळत होती. ती त्यांनी ओळखली. टाइप धुवायचं घासलेट ओतून गल्लीत जाळली. लाल कागद, छडी, सगळं. जळेपर्यंत साहेब तोंडाला रुमाल लावून आत बसून राहिले. ज्या गठ्ठ्यावर बसले होते, तीच उरलेली पुस्तकं. शिवलेली, बिनकव्हरची. कव्हर आम्ही सगळ्यात शेवटी चिकटवायचो. त्यांना ती रद्दी वाटली.

पुस्तकं तशीच नागडी गेली. साड्यांच्या घडीत, पिठाच्या डब्यात, बायकांनी बायकांना दिली. मी नवं कव्हर कोरतो म्हटलं. बाईंनी निरोप पाठवला, नको, कव्हर असलं की ओळखतील.

हिची बोटं परत सरळ झाली नाहीत. टाइप मी जुळवायला लागलो, ही चुका काढायची आणि शिव्या द्यायची. आता चूक काढायला कोणी नाही, तर काम करावंसं वाटत नाही.

पुष्कळ वर्षांनी धारहून निरोप आला, साहेब वारले. ही त्या वाकड्या बोटांनी पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

“दात बसवला होता का हो त्यानं?” एवढंच विचारलं.