चौथ्या नॉबवरचा लाल ठिपका

माझी मुलगी जोनेल एकेचाळीस वर्षांची आहे. आठवड्यातले पाच दिवस ती ग्रॅशिएट रस्त्यावर शहराची बस चालवते आणि उन्हाळ्यातल्या रविवारी आमच्या चर्चमागच्या मोकळ्या मैदानात लोकांना नाचवते. गाणी लावून नाही, बोटांनी ड्रम वाजवून. रबराची आठ पॅडं, त्यांच्या वरच्या बाजूला फिरवायचे आठ नॉब, एवढंच तिच्यापुढे असतं.

मी तिची खूप काळजी केली. मनगटांची केली, जानेवारीत शेवटच्या थांब्यावर एकटीने बस उभी करण्याची केली, बसमध्ये चढणाऱ्या दारुड्यांची केली, घटस्फोटानंतर ती धड जेवते की नाही याचीही केली. कानांची कधीच केली नाही. तिचे वडील अल्विन मोटारीच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर होते. रस्त्यावरून गाडी गेली की पोरीला विचारायचे, "काय गेलंय तिचं?" आणि दहा वर्षांची जोनेल पुस्तकातून मान वर न करता सांगायची, "मागचं बेअरिंग." अशा मुलीच्या कानांची काळजी कोण करेल?

या मे महिन्यात तिचा जुना ड्रमचा डबा, म्हणजे पॅड दाबल्यावर ड्रमचे आवाज काढणारं यंत्र, बंद पडला. मैदानातला पहिला रविवार दहा दिवसांवर होता. नवा डबा घेण्यापेक्षा लॅपटॉपवर ड्रमचं सॉफ्टवेअर घालायचं आणि ते आपल्याच पॅड आणि नॉबांनी वाजवायचं, असं तिने ठरवलं. तीन सॉफ्टवेअर तिने वापरून बघायला इंटरनेटवरून उतरवून घेतली आणि चर्च सुटल्यावर माझ्या जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. सोबत ड्यूइट होता. ड्यूइटचं केस कापण्याचं दुकान आहे, पण मैदानातले स्पीकर आणि आवाज कमी-जास्त करायचा मिक्सर त्याचे. त्याने स्पीकरांपैकी एक लहान आणला होता आणि माझ्याकडे मासे तळलेले असतात हे त्याला माहीत होतं.

"बसा, सूप आधी संपवा," मी म्हटलं.

"मिस ओडेसा, तुमच्या 'स'मध्ये अजून किटली उकळतेय," ड्यूइट म्हणाला. माझ्या पुढच्या बसवलेल्या दातातून शिट्टी येते. सगळं चर्च त्यावरून मला चिडवतं. जोनेल कधी हसली नाही, त्या दिवशीही हसली नाही. माझी मुलगी सभ्य आहे असं मी समजत आले होते.

आमच्या मैदानातला एक नियम कोणी लिहून ठेवलेला नाही. वाजवताना लॅपटॉपच्या पडद्यावर टॉवेल टाकायचा. पडद्यात तोंड घालून बसलेला दिसला, की मागून कोणीतरी ओरडतं, "विजेचं बिल भरतोयस का, भाऊ?" म्हणून जोनेलला साधंच सॉफ्टवेअर हवं होतं. जे काही करायचं ते आठ नॉबांत मावलं पाहिजे आणि न बघता हाताला सापडलं पाहिजे.

पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये तीनशे ड्रम होते, प्रत्येकाचं चित्र होतं. पण एकेका नॉबला चार-चार कामं, आणि आत्ता कुठलं चालू आहे हे पडद्यावर बघितल्याशिवाय कळत नव्हतं.

"हे विमान आहे," ड्यूइट म्हणाला. "आपली पोरगी बस चालवते."

"शिवाय याचा हॅट मेलेला आहे," जोनेल म्हणाली. हॅट म्हणजे ड्रमच्या संचातल्या त्या दोन पातळ थाळ्या, ज्यांचा चिस् चिस् आवाज ठोक्यांच्या मधून चालू असतो. मला तर तो नीट ऐकू येत होता. मला वाटलं, वाजवणाऱ्यांच्या तक्रारी वेगळ्या असतात.

दुसऱ्यात खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज होते. मला ते फार आवडलं, डोळे मिटले तर आमचं चर्चच. जोनेलने कपाळाला आठ्या घातल्या. "यालाही हॅट नाही."

"आहे की," मी म्हटलं.

"कुठे?" तिने हॅटच्या आवाजाचा नॉब धरला. तो नॉब आधीपासून पुरा वर फिरवलेला होता, सॉफ्टवेअरमधला आवाज मात्र खाली होता. अशा वेळी नॉबला नुसता हात लागला तरी आवाज एकदम नॉब असेल तिथे उडी मारतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिचं बोट लागलं आणि स्पीकरमधून असा आवाज फुटला, की ड्यूइटच्या हातातली बशी माशासकट खाली गेली. मी दोन्ही कान दाबून उभी राहिले. शेजारच्यांचा कुत्रा विव्हळायला लागला.

जोनेल स्पीकरकडे वाकून, मान तिरकी करून ऐकत होती. पापणीसुद्धा हलली नाही.

"अजून नाही येत," ती म्हणाली. "तुम्हाला येतोय का?"

ड्यूइटने हात लांब करून स्पीकर बंद केला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने खाली वाकून बशीचे तुकडे गोळा करायला घेतले, आणि त्याच्या त्या वाकण्यावरून मला कळलं की हा माणूस माझ्यासारखा हादरलेला नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"दोन उन्हाळे झाले, मिस ओडेसा," तो टेबलाखालून म्हणाला. "जुन्या डब्यातून हॅटची वायर वेगळी निघायची. ही हॅट वर करायची, मी मिक्सरवर खाली ओढायचो. लोकांना कळायचं नाही. आता लॅपटॉपमधून सगळं एकाच वायरने येणार. मला काही करता येणार नाही. म्हणून तर आज आलो."

"मासे खायला आलास असं म्हणालास," जोनेल म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता.

"तेही खरंच होतं."

"दोन वर्षं सगळ्यांसमोर मला मूर्ख बनवलंस."

"सगळे नाचत होते, पोरी. मूर्ख कोण बनलं?"

ती ओरडेल असं मला वाटलं. ती खुर्चीत मागे टेकली आणि हळूहळू बोलायला लागली. मागच्या ऑक्टोबरात एक सायकलवाला बसच्या उजव्या अंगाला आला होता. तो घंटी वाजवत होता म्हणे. हिने ऐकली नाही. बसच्या पत्र्यावर त्याने तळहात आपटले, ते धप्प मात्र तिला ऐकू आलं आणि तिने ब्रेक मारला. माणूस वाचला. बसमध्ये चाळीस लोक होते. "मी घरी आले आणि तुझ्याकडे पीच कॉबलर खाल्लं," ती म्हणाली. मला ती संध्याकाळ आठवते. पीचचं ते गोड तिने दोनदा मागून घेतलं होतं.

"आणि डॉक्टर?" मी विचारलं. बस चालवणाऱ्यांची दर दोन वर्षांनी तपासणी होते. पाच फुटांवरून डॉक्टर कुजबुजतो आणि ते शब्द परत म्हणून दाखवायचे असतात.

"त्याच्या खोलीत औषधांचं काचेचं कपाट आहे. तो माझ्या मागे उभा राहतो. मला काचेत त्याचे ओठ दिसतात."

पुढची तपासणी एकोणीस तारखेला होती.

"मम्मा," ती म्हणाली, "तू कोणाला सांगणार नाहीस ना? अकरा वर्षांची नोकरी आहे. मला दुसरं काय येतं?"

मला काच म्हटल्यावर दुसरीच काच दिसायला लागली होती. जोनेल नऊ वर्षांची असल्यापासून चर्चमध्ये ड्रम वाजवायची. ती बारा वर्षांची असताना पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी तक्रार केली की पोरीच्या थाळ्यांनी कान फुटतात. माझी स्वतःची आईही त्यांच्यात होती. तेव्हा ड्रमच्या भोवती माणसाच्या उंचीची पारदर्शक भिंत बसवायची टूम सगळ्या चर्चमध्ये निघाली होती. आवाज आतच राहतो. आमच्याकडे त्या भिंतीसाठी केक विकून वर्गणी मीच जमवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आवाज आत राहिला आणि आत माझी मुलगी होती, तिशी उलटेपर्यंत, दर रविवारी. आत कोण आहे हे मी बघत होते. तिला हात करत होते.

मी उठले. "भिंतीकडे तोंड कर," मी म्हटलं.

"कशाला?"

"कर."

ती वळली. मी पाच फूट मागे सरकले, खिडकीचा पडदा ओढला, म्हणजे काचेत काही दिसू नये. मग कुजबुजले, डॉक्टर कुजबुजतात तसं, सावकाश: सात. सोमवार. सव्वीस.

ड्यूइटने ऐकलं. त्याचे ओठ हलले.

जोनेल भिंतीकडे बघत, मान जराशी तिरकी करून उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "सुरू कर ना, मम्मा."

मी खुर्चीवर बसले. ड्यूइटने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. जोनेल वळली, आमची तोंडं बघितली, आणि तिला समजलं की माझं बोलून झालं होतं.

मग तिनेच तिसरं सॉफ्टवेअर उघडलं. हाताला काहीतरी काम हवं म्हणून असेल. ते करडं होतं, चित्रं नाहीत, दिसायला विजेच्या मीटरसारखं. आठ ड्रम, एवढंच. त्यात रेकॉर्ड केलेलं काही नव्हतं, प्रत्येक आवाज तिथल्या तिथे तयार होत होता. त्यामुळे हॅटचा आवाज मोठा-लहान करण्याऐवजी त्याचा बारीक सूरच खाली, तिच्या कानांना अजून ऐकू येणाऱ्या जाड आवाजांपर्यंत आणता येत होता. शिवाय नॉबने उडी मारली नाही. नॉब आणि आतला आकडा जुळेपर्यंत ते वाट बघायचं. चौथा नॉब धरून ती सूर खाली आणत गेली. चिस् चिस्चं खस् खस् झालं, मग खर्र खर्र.

"हा," ती एकदम म्हणाली. "इथे आला."

"हा हॅट नाही," ड्यूइट म्हणाला. "कोणीतरी डब्यात खिळे हलवतंय."

"पण माझ्या हातात आहे."

"आहे. आणि खिळ्यांवरही नाचतील लोक, मला खात्री आहे."

मी आतून नेलपॉलिश आणलं आणि नॉबच्या कडेला, खूण जिथे थांबली होती तिथे, लाल ठिपका दिला. टॉवेल टाकल्यावर नजरेला सापडावा एवढाच माझा हेतू होता. जोनेल त्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग तिने ठिपक्यापासून वरच्या टोकापर्यंत बोट फिरवलं. निम्म्याहून जास्त अंतर होतं.

"एवढं सगळं वर आहे?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"आणि तुम्हाला ते ऐकू येतं. रोज."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच डेपोत फोन केला. मी केला नाही. करावा लागला असता तर केला असता की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि त्याची मला भीती वाटते. तिला लगेच बसवरून उतरवलं. सात आठवडे ती डेपोच्या खिडकीत बसून लोकांच्या हरवलेल्या छत्र्या आणि कवळ्या परत देत होती. पहिल्या रविवारी मैदानात ती लाल ठिपक्यावर वाजवत होती. ड्यूइट मिक्सरपाशी दोन्ही हात खिशात घालून उभा होता. लोक नाचले, खिळ्यांवर.

मग कानयंत्रं आली. यंत्र लावूनही परीक्षा देता येते, हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं, आम्ही कधी विचारलंही नव्हतं. पुढे ढकललेल्या तपासणीच्या दिवशी तिने डॉक्टरला सांगितलं, मी कपाटाकडे पाठ करून उभी राहते. ती पास झाली. सोमवारपासून बस परत मिळणार.

आज संध्याकाळी ती तेच सांगायला आली होती. ड्यूइटही होता. मी प्रार्थना म्हटली, "सगळ्यांना सुखरूप ठेव," एवढीच, आणि ताट तिच्यापुढे सरकवलं. तिने काटा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"मम्मा, तुझ्या दाताला शिट्टी कधीपासून आहे?"

ड्यूइट हसायला लागला, पण मधेच थांबला.

"दात बसवला तेव्हापासून," मी म्हटलं. "तू बावीस वर्षांची होतीस."

तिने काटा खाली ठेवला. एकोणीस वर्षं तिला ती शिट्टी ऐकूच आली नव्हती. कान गेल्याला आम्ही दोन धरून चाललो होतो, फार तर चार. बस तिच्या हातात येऊन अकरा झाली होती.

"परत बोल," ती म्हणाली. "काहीही. 'स' असलेलं."

ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. तिने डोळे मिटून घेतले होते आणि ती थांबली होती. मी तोंड उघडलं आणि कुजबुजले: सात. सोमवार. सव्वीस.