कमाल होडेकरची वाकडी भिंत

रत्नागिरीजवळच्या कर्ल्याच्या कमाल होडेकरला वाकडं बघवत नसे. वाकडी माणसं त्याला चालत. वाकडी भिंत, वाकडी चौकट, वाकडं टेबल चालत नसे. कुणाच्या घरी सरबत प्यायला गेला, तरी ग्लास हातात घेण्याआधी तो उठून भिंतीवरचं कॅलेंडर नीट करून येई. मशिदीत नमाजाला उभं राहताना कुणाची टाच दोन बोटं मागे आहे हे त्याला मान न वळवता कळे, म्हणून इमामसाहेबांनी रांग सरळ करायचं काम त्याच्यावरच सोपवून टाकलं होतं. चुलतभावाच्या लग्नात मांडवाचा एक खांब कलला होता, तर ह्याने बिर्याणीचं ताट अर्ध्यावर ठेवून पहार मागवली होती.

धंद्याने तो गवंडी. मस्कतला आठ वर्षं बांधकामावर काढून अठ्ठ्याण्णव साली तो कायमचा घरी आला. बरोबरच्यांनी टेपरेकॉर्डर, घड्याळं, ब्लँकेटं आणली. ह्याने आणला भिंत तपासायचा पितळेचा ओळंबा. विमानतळावर कस्टमवाल्याने ते टोकदार वजन उचलून “हे काय हत्यार आहे?” असं दरडावून विचारलं. कमालने दोरी धरली, ओळंबा काउंटरच्या कडेला सोडला आणि म्हणाला, “सायेब, तुमचा काउंटर पुढं पडतोय.” त्याला ताबडतोब जाऊ दिलं.

मस्कतला जाण्याच्या कितीतरी आधी मैमुनाला बघायला तो राजिवड्याला गेला होता, ती गोष्ट तर दोन्ही घरांत अजून सांगतात. ती चहा घेऊन आली आणि हा तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिला.

“काय बगताय?” तिनेच विचारलं.

“खिडकी. अर्धा इंच उतरलीय.”

“आणि मी? मी तरी सरळ हाय ना?”

कमालने तिला खरोखरच खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, “हाय.” एवढ्यावर लग्न ठरलं.

अशा माणसाला दोन हजार तीन सालच्या जानेवारीत भाट्याच्या आगाशे मास्तरांचा निरोप आला. गोपाळकृष्ण आगाशे म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. माडांची बाग आणि बागेला लागून कातळाचा एक मोकळा तुकडा त्यांच्या मालकीचा. बडोद्याला शिल्पकला शिकलेली त्यांची पुतणी ऋजुता मुक्कामाला आली होती आणि तिला त्या कातळावर काहीतरी बांधायचं होतं. मास्तरांनी कमालला ओटीवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, “हिला शिल्प करायचंय. चिरे, सळया आणि सिमेंटचं. रत्नागिरीत तुझ्याइतका हात कुणाचा नाही, म्हणून तुला बोलावलं.”

कमालची छाती फुगली. ऋजुताने चित्राचा कागद पुढे केला. कमालने तो घेतला, बघितला आणि थोडा फिरवून धरला.

“नाही, नाही, कमालभाई,” ऋजुता म्हणाली. “कागद सरळच होता.”

“मग भिंत?”

“भिंत वाकडी आहे. म्हणजे कललेली. दमून आता खाली बसेल की काय, अशी वाटायला हवी. आठ फूट उंच. मधून मधून सळया बाहेर आलेल्या.”

कमालने मास्तरांकडे बघितलं. मास्तर माडाकडे बघत होते.

“ताई, नाव काय ह्याचं?”

“चिरा, सळई, वाळू.”

“हे नाव नाय. ही सामानाची यादी झाली.”

पण मास्तरांनी त्याच्या तीन मुलांना शाळेत शिकवलेलं. नाही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी चिरे पडले, पाया खणला आणि कमालने थापी उचलली. संध्याकाळपर्यंत त्याने चार थर चढवले. ऋजुता बघायला आली. भिंत सुरीने कापल्यासारखी सरळ होती.

“कलवायची होती ना?”

“कलवली की!” कमाल म्हणाला. मग त्याने ओळंबा सोडून बघितला आणि त्याचं तोंड उतरलं. “हात ऐकत नाय, ताई.”

थर उतरवले. दुसऱ्या दिवशी ओळंबा घरी ठेवून आला, भिंत सरळ. तिसऱ्या दिवशी डावा डोळा मिटून बांधली, सरळ. चौथ्या दिवशी मास्तरांनी सुचवलं म्हणून तो स्वतःच एका बाजूला कलून काम करत होता. संध्याकाळी त्याची कंबर धरली. ती तेवढी वाकडी झाली. भिंत सरळ.

ऋजुता रडकुंडीला आली. तेवढ्यात तिला मिरकरवाड्याच्या रस्त्याला एक कुंपणाची भिंत दिसली. ती भिंत कधी रस्त्याकडे झुके, कधी आतल्या केळींकडे, आणि मध्ये एका ठिकाणी पोट पुढे काढून उभी होती. ऋजुता रिक्षा थांबवून खाली उतरली आणि चारही बाजूंनी फोटो काढत सुटली. “ही कुणी बांधली?” तिने रिक्षावाल्याला विचारलं.

“अशी बांधणारा एकच हाय,” तो म्हणाला. “सदू.”

सदूचं काम साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं. त्याच्या भिंतीला पाठ टेकून बसलं की माणूस आपोआप आडवा होतो, असं म्हणत. त्याने बांधलेल्या गोठ्यातून बाहेर पडणारं वासरू कायम डावीकडेच वळे. ह्या सदूला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ‘मुद्दाम तुम्हीच या’ असा निरोप पाठवला. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळी आंघोळ करून, गंध लावून, गणपतीला घेतलेला नवा सदरा घालून तो कातळावर हजर झाला. बायको मथुरा नारळ घेऊन मागे.

“कमालभाय,” तो हात जोडून म्हणाला, “आज तुमचा वळंबा द्या. मोठ्या मानसांचं काम हाय. चूक व्हायला नको.”

“अरे, चूकच करायचीय,” कमाल कळवळून म्हणाला. पण सदू ऐकण्यापलीकडे गेला होता. जीभ दातांत धरून, श्वास रोखून, एकेक चिरा बाळाला पाळण्यात ठेवावं तसा ठेवत त्याने दिवसभर काम केलं. संध्याकाळी कमालने ओळंबा सोडला. दोरी भिंतीला वरपासून खालपर्यंत समांतर. केसाचा फरक नाही.

मग सदूने हंबरडा फोडला, “मथुरा, बग गो! सरळ आलीय!” मथुराने तिथेच नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. ऋजुतालाही दिलं. ती एका चिऱ्यावर बसून ते चघळत शून्यात बघत होती.

त्या संध्याकाळी कमाल घरी आला आणि पाटावर बसून घडलेलं सांगू लागला. मैमुना तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“सरळ भिंत बांधताना तुमी काय करता?” तिने विचारलं.

“वळंबा लावतो.”

“मग वाकडीला का नाय लावत?”

“वळंबा सरळच लोंबतो, गो.”

“लोंबू दे. पण वाकडेपना किती, ते आदी ठरवलंत काय तुमी? नुसती वाकडी म्हनजे कशी? माझ्या भाचीचं नाक वाकडं आणि तुमच्या मामाची चाल वाकडी, दोन्ही सारकी काय?” तिने भाकरी तव्यावर टाकली. “भाट्याच्या किनाऱ्यावरचा तो माड बगा. माझ्या लहानपनापासून समुद्राकडं झुकलाय. पडला काय?”

कमाल पाटावरून उठला तो न जेवताच निघणार होता. मैमुनाने त्याला हाताला धरून बसवलं.

सकाळी कमाल आणि सदू किनाऱ्यावर गेले. सदू माडावर चढला, वरून दोरी सोडली. कमाल खाली बोटांनी अंतर मोजून चिठ्ठीवर लिहू लागला. दहा मिनिटांत लोक जमले. एक जण म्हणाला, रस्ता रुंद होणार, माड तोडणार. दुसरा म्हणाला, तेल सापडलंय. एका म्हातारीने तर पुढे होऊन माडाला मिठीच मारली आणि “मी मेल्यावर तोडा” असं बजावलं. कमालने तिला समजावलं, “आजी, तोडत नाय. ह्याच्यासारखी भिंत बांधायचीय.” ते ऐकून म्हातारीने मिठी सोडली आणि ती घाईघाईने घराकडे निघून गेली.

माप निघालं: हाताला तीन बोटं, म्हणजे हातभर उंचीला तीन बोटं कल. कमालने एक फळी त्या हिशेबाने तिरकी तासली, वरच्या टोकाला खिळा मारून ओळंबा टांगला. फळी भिंतीला लावली की दोरी फळीवरच्या रेषेवर पडायला हवी. पडली की समजायचं, भिंत बरोब्बर वाकडी आहे. मग काय विचारता! वाकडं कसं असावं ते एकदा ठरल्यावर कमालचा हात मोकळा झाला. पाया मागच्या बाजूला रुंद केला, सळया पायातून वर घेऊन प्रत्येक थरात गुंतवल्या. सदू माल कालवून देत होता, पण त्याला चिऱ्याला हात लावायची मनाई होती. त्याची भिंत आता कुठल्या बाजूला जाईल ह्याचा नेम राहिला नव्हता.

सहाव्या थराला ऋजुता म्हणाली, “कमालभाई, इथे जरा जास्त झुकवू या का? मनात आलं तसं?”

“मनात आलं तसं नाय, ताई,” कमाल गंभीरपणे म्हणाला. “वाकड्यालाबी शिस्त हाय. तीन बोटं.”

ऋजुताने वहीत ते वाक्य लिहून घेतलं.

फेब्रुवारीच्या एका रविवारी समारंभ झाला. बडोद्याहून ऋजुताचे गुरुजी आले, मुंबईहून दोन वर्तमानपत्रवाले आले, आणि प्रमुख पाहुणे म्हणून रावजी आले. रावजी म्हणजे त्या भागातले पुढारी; फीत कुठेही असो, ते कात्रीसकट सापडत. येणारा प्रत्येक जण आधी मान वाकडी करून बघे आणि मग नकळत हात पुढे करून भिंतीला आधार देई. फोटोच्या वेळी तर सात जण भिंतीला रेटून उभे होते आणि फोटोवाला ओरडत होता, “सोडा, सोडा, ती पडत नाही!”

रावजींनी माईक घेतला. कला, संस्कृती, कोकणचा निसर्ग असं पाच मिनिटं झाल्यावर ते भिंतीकडे वळले आणि त्यांचा आवाज दाटून आला.

“बंधूंनो, ही भिंत आज ह्या अवस्थेत आहे, ह्याला जबाबदार कोण? ते मी विचारणार नाही. पण आगाशे मास्तरांना मी शब्द देतो, पावसाळ्याआधी ही भिंत मी स्वखर्चाने सरळ करून देईन!”

टाळ्या पडल्या. ऋजुताचे गुरुजीही टाळ्या वाजवत होते. त्यांना मराठी येत नव्हती.

आणि टाळ्यांच्या वर एक आवाज चढला. “हात लावून बगा!”

कमाल होता. पांढरा धुतलेला कुर्ता घातलेला कमाल गर्दीतून वाट काढत भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. “पयल्या थरापासून शेवटपर्यंत तीन बोटं. कुटं साडेतीन नाय, कुटं अडीच नाय. तुमच्या बंगल्यात एक तरी भिंत इतकी नीट दाखवा, रावजीसायेब, मग ही सरळ करा!”

मास्तरांनी डोळे मिटले. पण रावजी मुरलेले होते. त्यांनी क्षणभर भिंतीकडे, क्षणभर वर्तमानपत्रवाल्यांकडे बघितलं आणि माईकमध्ये म्हणाले, “हाच! हाच स्वाभिमान मला जागवायचा होता!” पुन्हा टाळ्या पडल्या. मैमुना बायकांच्या घोळक्यात उभी होती. ओढणीचा पदर तोंडात कोंबून ती इतकी हसली की शेजारणीला वाटलं, रडते आहे. शेजारीण तिची पाठ थोपटत राहिली.

भिंत उभी राहिली. सदूला मात्र सरळपणाची सवय जडली. लोक चांगलं म्हणू लागले, कामं वाढली. फक्त मिरकरवाड्याला त्याच्या जुन्या भिंतीसमोर कुणी फोटो काढताना दिसलं, तर तो खाली बघून निघून जाई.

दोन वर्षांनी मुंबईत बांधकामाच्या सामानातून केलेल्या शिल्पांचं प्रदर्शन भरलं आणि ऋजुताने कमाल आणि मैमुनाला तिकिटं पाठवली. मोठ्या थंडगार दालनात लोखंडाची जाळी होती, फुटक्या लाद्यांचा डोंगर होता, प्लास्टिकच्या पाइपांचं जंगल होतं. एका कोपऱ्यात सिमेंटच्या तीस गोण्या रचलेल्या. पाणी लागून आतल्या आत दगड झालेल्या. बाजूला दाढीवाला तरुण कलाकार हात बांधून उभा.

कमालने एका गोणीवर टकटक केली. त्याच्या कपाळावर आठी चढली.

“बाळा,” तो हळू आवाजात म्हणाला, “गोनी जमिनीवर टेकवायची नाय. खाली फळ्या घालायच्या, वर ताडपत्री. आता हे काय कामाचं नाय.”

कलाकार पुढे झाला. मग त्याने कमालचे दोन्ही हात धरले. “काका, तीन दिवसांत पहिल्यांदा कुणाला तरी ह्याचं दुःख झालं!”

“दुःख होनारच,” कमाल म्हणाला. “तीस गोन्या!”

मैमुनाने त्याला पुढे ओढलं. पाइपांच्या जंगलात एक नळ ठिबकत होता. तो मुद्दाम ठेवलाय की खराब आहे, हे कमालचा हात तिथे पोचण्याआधी कुणाला तरी विचारून घ्यायला हवं होतं.